लहान डब्याचा शॉकअप

आमच्या लेकीची, पूर्वाची सायकल विकायची की नाही, यावर घरात जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या तिचं नाव ठेवताना झाल्या नव्हत्या. नाव तर तिच्या आत्याने एका झटक्यात ठेवलं होतं.

सायकल साधी नव्हे. डोंगरातली. पुढे स्प्रिंगचे दांडे, मागे सांगाड्याच्या मधोमध हवेचा शॉकअप. पूर्वाने ती परदेशी निघालेल्या एका मित्राकडून घेतली, दोन पावसाळे चालवली, आणि नोकरीसाठी बंगळुरूला गेली. सायकल खडकीतल्या आमच्या गॅलरीत राहिली. काही दिवस मी तिच्या हँडलवर टॉवेल वाळत घातले. मग एके सकाळी टॉवेल काढला आणि भाजी आणायला तिच्यावरून गेले. पुढच्या आठवड्यात औंधपर्यंत गेले. त्यानंतर थेट बाणेरच्या टेकडीवर, आणि तिथेच अडकले. म्हणजे मन अडकलं. पन्नाशीत असं कुठे मन अडकेल असं वाटलं नव्हतं. मी दिवसभर ब्लाउजं उसवून सैल करणारी बाई. दुनिया एकाच दिशेने रुंद होते हे मला पाठ आहे. टेकडीवर मात्र उताराला लागलं की मी कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची शिंपीणबाई राहत नाही. फक्त ब्रेक लावणारी दोन बोटं राहते.

टेकडीच्या पायवाटेवर एक खडकाची पायरी आहे, गुडघाभर उंच. सकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी तिला ‘गुडघेदुखी’ म्हणतात. मी तिच्यावरून उतरायला गेले, मागचं चाक खाली आलं, शॉकअप तळापर्यंत दबला, ठक्क असा आवाज झाला आणि मागच्या बाजूने मला कुणीतरी उचलून फेकावं तशी मी समोरच्या करवंदीत गेले. मनगट प्लास्टरमध्ये.

पूर्वाने त्याच संध्याकाळी फोनवर चेहरा दाखवून निकाल सांगितला.

“आई, बस झालं. सायकल विकतेय मी. मांजरी गावातला विश्वजीत घ्यायला तयारच आहे. पुढच्या महिनाअखेरीला येऊन घेऊन जाईल.”

“माझं मनगट, माझं करवंद. तुझं काय गेलं?”

“सायकल माझी आहे!”

हे खरं होतं. मग जरा रडले. रडणं खोटं नव्हतं, पण वेळ बरी साधली होती.

शेवटी तोडगा निघाला. प्लास्टर निघाल्यावर मी त्याच पायरीवरून उतरायचं. खाली बाबा उभे राहतील, डोळ्यांनी बघतील, शूटिंग करतील. बाबा ठीक आहे म्हणाले तर सायकल राहील. नाही म्हणाले तर विश्वजीत.

बाबाच का, ते सांगायला हवं. आमचे हे, बुद्धभूषण, संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासनीस होते. आलेला प्रत्येक सुटा भाग मापायचा आणि पास की नापास एवढं सांगायचं. जन्मभर तेच केलं आणि निवृत्त झाल्यावर माल येईनासा झाला, म्हणून घर तपासायला लागले. पोळी उजेडात धरून बघतात. विहारात नवीन पंखे बसवले तर ह्यांनी खाली उभं राहून प्रत्येकाचा डुगडुगेपणा जाहीर केला. आणि ह्यांचा एक नियम आहे: तपासनिसाने दुरुस्ती करायची नसते. दुरुस्ती हे उत्पादन विभागाचं काम. तपासणाराच दुरुस्त करायला लागला तर तो आपलीच चूक झाकेल. त्यामुळे आमच्याकडे नळ गळतो हे ह्यांना सगळ्यांच्या आधी कळतं, आणि नळाला वायसर मी घालते.

तर असा माणूस माझ्या बाजूला वळवायचा होता. पण त्याआधी मला तो ठक्क समजून घ्यायचा होता. पडले मी, पण आपटला शॉकअप.

प्लास्टर असल्याने शिवण बंद, हात रिकामा. मी फोनवर परदेशी मुलांचे व्हिडिओ लावले. इंग्रजी भरभर कळत नाही म्हणून अर्ध्या वेगाने लावायचे. त्यामुळे सगळे प्यायल्यासारखे बोलायचे, पण मुद्देसूद. त्यातून जे उमगलं ते असं. मागचं चाक आणि शॉकअप यांच्यामध्ये सांगाड्याची तरफ असते. काही सायकलींत ही तरफ चाक वर येईल तशी जड होत जाते, शेवटाला सांगाडा स्वतःच जोर धरतो. त्यांना मोठ्या डब्याचा, ऐसपैस हवेचा शॉकअप चालतो. काही सायकलींत तरफ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी, सरळसोट. त्या शेवटी काहीच मदत करत नाहीत. तिथे शॉकअपनेच शेवटाला कडक व्हायला हवं. त्यासाठी हवेचा डबा लहान लागतो. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरा आणि दांडा ढकला. सुरुवातीला सहज जातो, शेवटच्या बोटभर अंतराला हवा दाटून हात मागे लोटते. डबा जितका लहान तितकी हवा लवकर दाटते.

आता आपली सायकल कुठल्या जातीची, हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

“अहो, जरा मोजायचं होतं,” मी म्हटलं.

मोजायचं म्हटल्यावर ह्यांनी पेपर इतक्या लगबगीने खाली ठेवला की चहा सांडला.

शॉकअपची हवा सोडली. सायकल दोन स्टुलांवर टेकवून मागचं चाक अधांतरी ठेवलं. मी चांगल्या हाताने चाक थोडं थोडं वर उचलायचं, ह्यांनी खाली वाकून मापायचं. चाकाला माझी शिवणाची टेप, शॉकअपला ह्यांचा वर्नियर.

“शॉकअप अर्धा सेंटिमीटर दबला. चाक दीड वर.”

“पुढे.”

“अर्धा. दीड. हलवू नकोस, अगं! तू श्वास घेतेस तेव्हा आकडा बदलतो.”

“मग काय श्वास सोडून देऊ?”

“आकडा घेईपर्यंत.”

शेवटपर्यंत तेच. अर्ध्याला दीड, अर्ध्याला दीड. सरळसोट सायकल, आणि तिला लावलेला शॉकअप चांगला टरबुजाएवढा. म्हणूनच ठक्क. ह्यांनी वर्नियर मिटून खिशात ठेवला. मग म्हणाले, “भाग चांगला आहे, जागा चुकलीय.” नोकरीत असताना हे वाक्य ह्यांनी कुणा माणसाबद्दल म्हटलं असतं तर तो सुखावला असता.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही सायकल घेऊन नारायण पेठेत अवनीच्या दुकानात गेलो. सायकल दाराबाहेर लावली. दुकान तिच्या आजोबांचं, तोंड तिचं स्वतःचं.

“काय हवंय?” तिने मान वर न करता विचारलं.

“मागचा शॉक.”

“कुठल्या सायकलला?”

“निळ्या,” हे म्हणाले.

तिने मान वर केली. “काका, रंगावरून साडी घेतात.”

मी मापं सांगितली. दोन भोकांमधलं अंतर, दबण्याची लांबी. तिने कपाटातून एक गुबगुबीत शॉक काढून काउंटरवर ठेवला. “हा घ्या. सगळे हाच नेतात. मऊ. गादीवर बसल्यासारखं.”

“सगळ्यांच्या सायकली कशा आहेत मला माहीत नाही,” मी म्हटलं. “आमची तरफ सरळसोट आहे. असाच गुबगुबीत आत्ता लावलेला आहे आणि मी करवंदीत गेलेली आहे. आम्हाला लहान डब्याचा हवा.”

“आत प्लॅस्टिकच्या कड्या घालता येतील असा,” ह्यांनी पुस्ती जोडली. कड्या घातल्या की आतली जागा आणखी कमी होते. हा भाग ह्यांनाही व्हिडिओत आवडला होता.

अवनीने गुबगुबीत शॉक परत कपाटात ठेवला. “मीही तेच सांगणार होते.”

“मग आधी हा का दाखवलात?”

“गिऱ्हाईक किती पाण्यात आहे ते बघावं लागतं. वजन?”

“ह्या शॉकचं?”

“तुमचं, काकू. हवा किती भरायची ते त्यावर ठरतं.”

“पासष्ट.”

ह्यांना खोकला आला. खोटा माल ह्यांच्यासमोरून जाऊ शकत नाही, मग ती बायको का असेना.

“हेल्मेट, बूट, पाणी, सगळं धरून विचारतेय,” अवनी म्हणाली.

“मग एकाहत्तर.”

“सहा किलोचं सामान?”

“हेल्मेट जड आहे,” मी म्हटलं. तिने एकाहत्तरच्या हिशेबाने आत एक कडी घातली, शॉक सायकलला लावला आणि हवा भरून दिली. शॉकसाठी वेगळा छोटा पंप असतो, त्यावर हवेचा दाब दाखवणारा काटा असतो. काटा एकशे ऐंशीवर आणला. मी बसून बघितलं. सायकल माझ्याखाली नेमकी तेवढीच बसली जेवढी एखादी समजूतदार खुर्ची बसते. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम सगळे गतिरोधक शोधून त्यांच्यावरून गेले. ठक्क नाही. सुख म्हणतात ते हे.

ते दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत निकाल आला.

“गळतोय,” हे म्हणाले.

“काय?”

“शॉकअप. काल एकशे सत्तर होता, आज एकशे साठ. मी रोज तपासतो.”

मी पुन्हा एकशे ऐंशी भरली. माझी पाठ वळताच ह्यांनी तपासलं. उत्पादन विभागाने काम केलं की तपासणी आलीच.

“किती भरलीस?”

“एकशे ऐंशी.”

“इथे एकशे सत्तर आहे.”

“अहो, मी आत्ता भरली! काटा डोळ्यांनी बघितला!”

“डोळ्यांनी बघणं आणि तपासणं यात फरक असतो, प्रेमला.”

मी पंप लावून आणखी भरली. हे पुन्हा वाकले. पुन्हा दहा कमी. आमच्या लग्नात मानपानावरून भांडण झालं नव्हतं, ते हवेवरून झालं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त आकड्यांत बोलत होतो.

सायकल आणखी बिघडत गेली. रोज सकाळी मी निघायचे तेव्हा ती आदल्या दिवसापेक्षा खोल बसलेली असायची. छोट्या उंचवट्यावर पुन्हा तो ठक्क ऐकू आला. महिनाअखेर जवळ येत होती. शंका आली की माझं गणितच चुकलं. मोठ्या डब्याच्या जुन्या शॉकअपने निदान हवा तरी धरली होती. लहान डबा घ्या म्हणून दुकानात शहाणपणा मी केला होता. व्हिडिओ बघून कुणी हुशार होतं का?

शॉक काढून अवनीकडे नेला. तिने तो पाण्याच्या बादलीत बुडवला. आम्ही तिघंही बादलीवर वाकलो. एक बुडबुडा नाही. तिने उलटा केला, सुलटा केला.

“काकू, हा गळत नाही.”

“पण रोज दहा जातात.”

“मग कुठे जातात ते घरी शोधा. माझ्या बादलीत नाहीयेत.”

“बादली लहान आहे,” हे पुटपुटले. तिने ह्यांच्याकडे जे बघितलं त्याला पेठेत उत्तर म्हणतात.

त्याच आठवड्यात लोणी काळभोरला ह्यांचे थोरले बंधू तात्याराव यांच्या नातीचं नाव ठेवायचं होतं. मला लग्नसराईची ब्लाउजं संपवायची होती, म्हणून हे एकटे गेले आणि भावाने आग्रह केल्यावर तिथेच आठवडाभर राहिले. जाताना शेवटचं तपासून गेले: एकशे चौसष्ट. मी रागाने पंपाकडे बघितलंसुद्धा नाही. सायकलवर पुन्हा टॉवेल टाकला.

ते परत आले, चपला काढल्या, हात धुतले आणि गॅलरीत गेले. मी आतून ऐकत होते. फस्स असा आवाज आला.

“एकशे चोपन्न,” ते दारात येऊन म्हणाले. “गंमत आहे. एवढे दिवस गेले आणि फक्त दहाच कमी. रोजचे दहा धरले तर डबा निम्मा रिकामा व्हायला हवा होता. तू हात लावला नाहीस म्हणून टिकली.”

मी हातातली सुई कापडात रोवून ठेवली. “मी लावला नाही हे खरं. पण तुम्हीही लावला नाहीत.”

“मी फक्त तपासतो.”

“तेच म्हणतेय. आत्ता पुन्हा तपासा.”

“आत्ताच तपासलं.”

“पुन्हा.”

ते गॅलरीत आले. पंपाची नळी शॉकच्या तोंडावर फिरवून बसवली. काटा वर आला आणि एकशे चव्वेचाळीसवर थांबला. ह्यांनी काट्यावर टिचकी मारली. नळी काढली, फस्स. पुन्हा बसवली. एकशे पस्तीस. काढली, फस्स. बसवली. एकशे सव्वीस. मला सगळं कळलं होतं, तरी मी थांबवलं नाही. त्यांचा हात थांबेपर्यंत थांबवून उपयोगही नव्हता. नळी बसली की शॉकमधली थोडी हवा नळीत येते, काटा हलवायला ती लागतेच. नळी काढली की ती बाहेर. आणि आपला डबा लहान, त्यामुळे थोडी गेली तरी मोठी खोट. भरताना मात्र नळीतली हवा पंपाची: मी एकशे ऐंशीवर आणून नळी काढायचे तेव्हा आत एकशे ऐंशीच असायची. हे बघायला येईपर्यंत.

शेवटी शॉक इतका मऊ पडला की सायकल आपणहून खाली बसली. हेही तिच्या शेजारी खाली बसले.

“म्हणजे मीच,” ते म्हणाले.

“हवा हो. परत भरता येते.”

त्यांनी पंपाची नळी गुंडाळली. मग हळूच म्हणाले, “तिथे कारखान्यात... एवढी वर्षं... मी तपासल्यामुळे काही...”

मला हसू येत होतं ते तिथेच गेलं. हा माणूस गॅलरीत बसून जन्मभराची नोकरी परत तपासत होता.

“तुम्ही तिथे लोखंड मापायचात,” मी म्हटलं. “वर्नियर लावला म्हणून लोखंड झिजत नाही.”

त्यांनी विचार केला. तेवढ्यावर लगेच मान डोलावणारा माणूस नव्हे तो. “पितळ थोडं घासतं,” ते म्हणाले. “पण नगण्य.” आणि उठून चहा टाकायला गेले. मी त्यांच्या मागे ओरडून विचारलं, “रोज का तपासत होता एवढं?”

आतून भांड्याचा आवाज आला. “तू पडलीस तेव्हा मी इथे पेपर वाचत होतो,” ते म्हणाले. “साखर कुठे ठेवलीस?”

साखर तिथेच होती, जिथे नेहमी असते.

परीक्षेच्या सकाळी मी एकशे ऐंशी भरली आणि पंप कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. ह्यांनी एकदाही मागितला नाही, पण रिक्षात बसताना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मी सायकलवरून, ते रिक्षाने, असे बाणेरच्या टेकडीवर पोचलो. गुडघेदुखीच्या बाजूच्या दगडावर सुनीतीबाई बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, रोज येतात, आणि मला करवंदीतून त्यांनीच काढलं होतं.

“आज पुन्हा?” त्यांनी विचारलं.

“आज परीक्षा आहे.”

“बरं. करवंदं आता पिकलीयत, म्हणून विचारलं.”

हे खाली जाऊन फोन धरून उभे राहिले. चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं उतरायचंय त्यांनाच. मी वर गेले. सायकल वळवली. प्लास्टर निघालेलं मनगट एकदा फिरवून बघितलं आणि सोडली.

पायरी आली. पुढचं चाक गेलं, मी मागे झाले, मागचं चाक हवेतून खाली आलं. शॉक दबला, दबत गेला, आणि शेवटच्या बोटभर अंतराला हवा दाटली. कुणीतरी खालून तळहात लावल्यासारखं झालं. ठक्क नाही. मी दोन-तीन झाडं पुढे जाऊन थांबले आणि मोठ्याने हसले, एकटीच.

वळून आले तर हे फोनकडे बघत गंभीर उभे.

“काय? कसं झालं?”

त्यांनी घसा साफ केला. “एका नमुन्यावर माल पास करता येत नाही. पुन्हा ये.”

“अहो, नीट तर उतरले!”

“नियम आहे.”

“अहो तपासनीस,” सुनीतीबाई दगडावरून म्हणाल्या, “डोळे मिटून कुठला नियम बघत होतात?”

मी त्यांच्या हातातला फोन घेतला. शूटिंगमध्ये आधी थोडं आकाश होतं, मग ह्यांची चप्पल, आणि चप्पल बराच वेळ. मागे माझ्या चाकांचा आवाज, आणि ह्यांचा, अगदी बारीक: “अगं, अगं, अगं.”

मी फोन परत दिला. सायकल ढकलत पुन्हा वर निघाले. खरं सांगायचं तर आणखी एकदा उतरायला मिळणार म्हणून मला बरंच वाटत होतं.

ह्या वेळी ह्यांनी फोन सुनीतीबाईंकडे दिला आणि स्वतः दोन पावलं पुढे येऊन उभे राहिले. मी वरून बघितलं, डोळे टक्क उघडे. मी सोडली. पायरी, हवा, जमीन. खाली येऊन त्यांच्यापाशीच ब्रेक लावला. त्यांनी अजून पापणी हलवली नव्हती. डोळ्यांतून पाणी येत होतं.

“धूळ,” ते म्हणाले.

सुनीतीबाईंनी शूटिंग पाठवलं आणि पूर्वाचा फोन लगेच आला. स्क्रीनवर ती ऑफिसच्या जिन्यात उभी होती.

“बाबा, मी बघितलं. पण तुम्ही सांगा. तुम्ही स्वतः बघितलंत ना? सेफ आहे?”

“बघितलं,” हे म्हणाले. “उतरते ती. नीट उतरते. विश्वजीतला सांग, दुसरी बघ.”

“शुअर? का आईला अजून एकदा करायला सांगू?”

“नको,” त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि मला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, “तिला हरकत नाही, ती दिवसभर करेल. मलाच आता पुन्हा बघवणार नाही.”